बारडचा पाहुणा

कानाडुक.

शके 848, म्हणजे इ.स. 926 मधल्या एका ताम्रपटात हे गावाचं नाव आहे. कोलिमहार विषयातलं कानाडुक. त्या काळी विषय म्हणजे राज्यकारभाराचा एक विभाग. संस्कृत लेखनिकाला प्राकृत गावांच्या नावांना 'क' चिकटवायची खोड असायची. तो 'क' काढून टाकला आणि नाव मोठ्याने म्हणून पाहिलं, तर डहाणू तालुक्यातल्या कैनाडचा माणूस मान वर करून बघेल. नुसत्या नावाच्या साम्यावर गाव ठरवणं हा इतिहासातला जुना जुगार आहे, त्यामुळे मी पैज लावत नाही. पण ताम्रपट सापडला तो कुठे दूर नाही. याच तालुक्यातल्या चिंचणीत, 1955 साली. एक नव्हे, पाच दानपत्रं हाती लागली. शिलालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकारांनी ती वाचली आणि या किनारपट्टीचा सव्वाशे वर्षांचा हिशोब उघडा झाला.

पहिलं दानपत्र राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातलं. राजा बसायचा मान्यखेटला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला. समुद्रकाठचं संयान मंडल त्याच्या वतीने सांभाळायचा मधुमती नावाचा अधिकारी. संयान म्हणजे आपलं संजाण, आता राज्याच्या सीमेपलीकडे गेलेलं, गुजरातच्या उंबरगाव तालुक्यातलं. मधुमती हे नाव वाचून एखादी राणी डोळ्यांसमोर येते, पण लेखात तो 'ताजिक' आहे. ताजिक म्हणजे अरब. मधुमती म्हणजे महंमद. बापाचं नाव सहियारहार, त्यामागे 'शहरयार' हे फारसी नाव ऐकू येतं. इंद्राच्या आधीच्या दुसऱ्या कृष्णाने त्याला हे मंडल दिलं होतं आणि त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तिथे आपली माणसं बसवली होती.

या महंमदाच्या मंत्र्याचं नाव पुव्वैय. त्याचा मित्र अन्नैय नावाचा ब्राह्मण. अन्नैयाने संजाणात एक मठिका बांधली, तिच्यात देवी बसवली. मठिका म्हणजे लहान मठ. मग मधुमतीने राजाची परवानगी घेऊन त्या मठिकेला कानाडुक गाव आणि देवीहार गावातली थोडी जमीन लावून दिली. उत्पन्नातून इमारतीची डागडुजी करायची, देवीला नैवेद्य दाखवायचा आणि पंचगौडीय महापरिषदेच्या, म्हणजे ब्राह्मणांच्या सभेच्या, नऊ जणांना जेवू घालायचं. त्याच लेखात मधुमतीची आणखी दोन कामं नोंदली आहेत. दोन प्रवाहांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या आणि एक अन्नछत्र घातलं. त्यात भात, कालवण आणि तूप मिळायचं. तुपाचा उल्लेख मला फार आवडतो. राजशासनात इतकं बारीक कोण लिहितं? ज्याने पंगतीत वाढताना हात आखडलेला पाहिला असेल तोच.

फुकट होडी हा तर या किनाऱ्याचा जुना धर्म. नाशिकच्या लेण्यांत शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने कोणकोणत्या नद्यांवर विनामूल्य होड्या ठेवल्या याची यादी तिथे आहे: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहणुका. पारदा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा. शेवटची आपली डहाणूची खाडी. त्याच लेखात नानंगोल गावातल्या 32,000 नारळांचं दान आहे, आणि नानंगोल म्हणजे नारगोळ असं अभ्यासक मानतात. मधुमती आणि उषवदात यांच्यात आठशे वर्षांचं अंतर. एक शक, एक अरब. दोघेही बाहेरून आलेले, आणि दोघांनाही इथे पहिलं पुण्य सुचलं ते खाडी ओलांडून देण्याचं. भरती-ओहोटीच्या मुलखात ते साहजिकही होतं.

अन्नैयाच्या मठिकेची आता वीटही दाखवता येत नाही. वीटलाकडाचे मठ पावसात विरघळतात, उरतात ते डोंगरात कोरलेले. कोरलेला मठ पाहायचा तर पश्चिम रेल्वेने बोरिवली गाठून कान्हेरीला जाणं हा सरळ मार्ग. पण आमच्याच तालुक्यात, डहाणू आणि तलासरीच्या वेशीवर, बारड नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्याजवळ गुहा आहेत. घोलवड-बोर्डीचे लोक 'बारडच्या गुहा' म्हणतात, पारशी लोक 'बाहरोत' म्हणतात. मार्गशीर्षात एका सकाळी मी निघालो.

बोर्डीहून आठेक किलोमीटरवर अस्वाली. चिकूच्या वाड्या मागे पडतात, धरणाचं पाणी लागतं, आणि मग चढ. समुद्रसपाटीपासून डोंगर दीड हजार फुटांच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीच्या हिशोबात अगदीच धाकटा. पण चढाला सुरुवात जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून होते, त्यामुळे दीड हजारांतला एकही फूट सवलतीत मिळत नाही. वाळलेलं गवत, पायाखाली घसरणारी खडी, सागाची मोठाली पानं. शेळ्या घेऊन बसलेल्या एका वारली म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, गुहा अजून किती लांब?"

"ही काय, आलीच."

त्यानंतर पाऊण तास चाललो.

गुहेपाशी पोचल्यावर पहिली भावना, खरं सांगायचं तर, निराशेची. अजिंठा-कार्ले पाहिलेल्या डोळ्यांना इथे काहीच सापडत नाही. चैत्याची कमान नाही, खांबांवर हत्ती नाहीत, दानकर्त्या जोडप्यांची शिल्पं नाहीत. काळ्या कातळात पोखरलेल्या साध्या खोल्या आणि पाण्याचं टाकं. भिक्षूंनी कोरलेल्या गुहा असं परंपरा सांगते, आणि घडण तशीच आहे: पावसाळ्याचे चार महिने चार भिंतींत काढण्यापुरती. ज्यांना वर्षावास करायचा होता त्यांना नक्षीची गरज नव्हती. पाणी, छप्पर आणि भिक्षेला जाण्याइतकी जवळ असलेली वस्ती एवढं पुरे होतं. सोपाऱ्याहून भडोचकडे जाणारा किनारी रस्ता पायथ्याच्या पश्चिमेला, त्यामुळे दाताही जवळ आणि गर्दीही लांब. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला आणि बौद्ध धर्माशी आपल्या किनाऱ्याचं नातं जगाला दिसलं. बारडला असा कुणी भगवानलाल भेटला नाही.

मात्र बारडला दुसरं काही मिळालं. भिक्षू गेल्यानंतर, कैक शतकांनी, या रिकाम्या विहारात एक पाहुणा आला आणि बारा वर्षं राहिला. पाहुणा म्हणजे अग्नी.

ही गोष्ट सांगणारा एकच मूळ ग्रंथ आहे: 'किस्से संजाण'. नवसारीच्या बहमन कैकोबाद संजाणा या धर्मगुरूने तो 1599 साली फारसी पद्यात रचला, होशंग नावाच्या वृद्ध दस्तुराकडून, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूकडून, ऐकलेल्या माहितीवरून. इराणातून परागंदा झालेले झरथुष्ट्री लोक संजाणला कसे उतरले, तिथल्या राजाने त्यांना जागा कशी दिली, त्यांनी 'इराणशहा' नावाचा पवित्र अग्नी कसा स्थापला, हे सगळं त्यात येतं. दुधात साखरेची प्रसिद्ध गोष्ट मात्र त्यात नाही. ती पुढच्या लोकांनी घातली. गोड आहे, म्हणून टिकली.

किश्शात पुढे सुलतान महमूदाचा सरदार अलफखान तीस हजारांची फौज घेऊन संजाणवर येतो. हिंदू राजा पारशांना बोलावतो: तुमच्या पूर्वजांना माझ्या पूर्वजांनी आसरा दिला होता, आता वेळ आली आहे. चौदाशे पारशी अर्देशीर नावाच्या वीराच्या हाताखाली लढायला उभे राहतात. पहिल्या लढाईत खानाची फौज हटते. दुसऱ्यांदा ती ताज्या दमाने येते, अर्देशीर पडतो, राजाही पडतो आणि संजाण जातं. उरलेले पारशी इराणशहाला घेऊन बाहरोतच्या डोंगरात शिरतात.

हे कधी घडलं? पारशी घरांत आणि गुहेबद्दलच्या बहुतेक लिखाणात 1393 हे साल सांगितलं जातं. हिशोब असा: बारा वर्षं बाहरोतला, मग चौदा वर्षं गुजरातमधल्या वांसद्याला, आणि 1419 मध्ये अग्नी नवसारीला. बेरीज चोख आहे. अडचण फक्त चांगा आसाची. अग्नी वांसद्याहून नवसारीला आणण्याची कल्पना ज्याची, तो नवसारीचा हा पुढारी. 1478 मध्ये नरिमान होशंग नावाचा माणूस भारतातल्या पारशांच्या शंका इराणी धर्मगुरूंना विचारून उत्तरांचं पत्र घेऊन आला, त्या पत्रव्यवहारात चांगा आसा नवसारीचा कर्ता म्हणून भेटतो. 1419 ला जो समाजाचा पुढारी होता तो साठ वर्षांनीही कर्ता असेल? पारशी इतिहासाचे अभ्यासक शापूरशहा होडीवालांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं चाळून संजाणचा पाडाव 1465 च्या सुमाराला, महमूद बेगडाच्या कारकिर्दीत आणला. किश्शातला सुलतानही महमूदच आहे. मला होडीवालांचं म्हणणं अधिक पटतं. पाटीवर 1393 लिहिणाऱ्यांशी भांडायला मात्र मी जाणार नाही. सत्तर वर्षांनी डोंगराला काही फरक पडत नाही. इतिहासकाराला पडतो.

गुहेत बसल्यावर मला प्रश्न पडला तो वेगळा. बारा वर्षं अग्नी ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

इराणशहा हा 'आतश बेहराम' दर्जाचा अग्नी, सर्वांत वरचा. तो सोळा प्रकारच्या अग्नींतून शुद्ध करत करत सिद्ध होतो. कुंभाराच्या भट्टीचा, लोहाराच्या भात्याचा, सोनाराच्या शेगडीचा, चितेचा, आणि आकाशातून पडलेल्या विजेचाही. असा अग्नी विझला तर 'काडेपेटी आणा' म्हणता येत नाही. दिवसाचे पाच गेह, म्हणजे पाच प्रहर. प्रत्येक गेहाला शुद्ध झालेल्या धर्मगुरूने तोंडावर पांढरं 'पदान' बांधून, श्वासही अग्नीला लागू न देता, त्याला लाकूड अर्पण करायचं. लाकूड सुकं हवं. त्या अग्नीवर सूर्याचा किरण पडता कामा नये. आणि प्रत्येक विधीआधी स्नानाला स्वच्छ पाणी हवं.

आता ही यादी हातात धरून बारडकडे पाहा. ऊन आत न येणारी कातळातली खोली. दाराशी पाण्याचं टाकं. डोंगरभर जळाऊ लाकूड. भिक्षूंनी पावसापासून आणि जगापासून लांब राहण्यासाठी जे जे कोरलं ते अग्नीलाही चपखल लागू पडलं. बुद्धाच्या पहिल्या प्रवचनांत सगळं काही पेटलेलं आहे, राग-द्वेषाच्या आगीने, असं सांगून ती आग विझवायला शिकवणारं एक प्रवचन आहे. त्या मताच्या विहारात पुढे आग विझू नये म्हणून माणसं रात्री जागली. गौतमाला याचं हसू आलं असतं, राग नक्कीच नाही.

जुलैचा विचार करा. या भागात पाऊस लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही. डोंगरमाथ्यावर ढग बसून राहतो, गुहेच्या भिंती घाम सोडतात. सुकं लाकूड वैशाखातच तोडून आत रचून ठेवावं लागलं असेल, चार महिने पुरेल इतकं. आणि माणसांना भात? संजाणच्या व्यापाऱ्यांना आणि धर्मगुरूंना डोंगरात नाचणी पेरायची सवय कुठून असणार. आसपास वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी. याच पट्ट्यात पूर्वेला जव्हारचं मुकणे घराण्याचं कोळी राज्य चौदाव्या शतकातच उभं राहिलं होतं. किस्सा शेजाऱ्यांबद्दल गप्प आहे. अर्देशीरच्या तलवारीला त्यात भरपूर जागा आहे, तांदळाचं पोतं वर कुणी चढवलं याला नाही. मात्र डोंगरातल्या गुहेत धूर बारा वर्षं लपत नाही. खालच्या प्रत्येक पाड्याला तो दिसत होता आणि कुणीही खानाला जाऊन सांगितलं नाही. शेजाऱ्यांनी साथ दिली याचा मी तरी हा पुरावा मानतो.

पारशांना कोरलेले विहार अनोळखी होते असंही नाही. कान्हेरीत 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. तारखा स्पष्ट आहेत: 10 ऑक्टोबर 1009, 24 नोव्हेंबर 1009 आणि 30 ऑक्टोबर 1021. पहिल्या दोन लेखांत इराणी यज्दगर्दी सनाचं 378 वं वर्ष देऊन इराणी पाहुण्यांनी आपली आणि बापाची नावं ओळीने कोरली आहेत: याझदान-पानक, माह-अय्यार आणि इतर. आपण पाटीवर 'लेण्यांवर नावे लिहू नयेत' वाचून नाक मुरडतो, आणि हजार वर्षांनी तीच नावं संशोधकाला सोन्याच्या भावाची होतात. तारखा तिन्ही पावसाळा सरल्यानंतरच्या आहेत. डोंगर हिरवा, वाटा सुकलेल्या, धबधबे अजून वाहते. बोरिवलीच्या उद्यानात आजही गर्दी तेव्हाच उसळते.

त्या वेळी कान्हेरी पडीक नव्हती. नवव्या शतकात, शके 775 मध्ये, शिलाहार राजा कपर्दी याच्या राज्यात गौड देशाहून, म्हणजे बंगालहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने तिथे भिक्षूंच्या ध्यानाच्या खोल्यांसाठी आणि वस्त्रांसाठी 100 द्रम्म ठेवले होते. द्रम्म हे चांदीचं नाणं. आसपासचे बरेच विहार ओस पडत असताना इथे भिक्षू राहत होते, चुली पेटत होत्या. इराणी पाहुण्यांना त्यांनी पाणी विचारलं असेल, नावं कोरायला कुणी हरकत घेतलेली दिसत नाही.

त्याच सुमाराला संजाणच्या मठिकेत काय चाललं होतं? चिंचणीची उरलेली दानपत्रं ते सांगतात, आणि मला ती युद्धांपेक्षा जास्त खिळवून ठेवतात. एव्हाना तिला 'कौतुक मठिका' म्हणत. तिसऱ्या कृष्णाच्या काळात तिचं शेजारच्या भिल्लमालदेवाच्या देवळाशी जमिनीवरून भांडण झालं. ते देऊळ राजस्थानातल्या भिनमाळच्या व्यापाऱ्यांचं. शेवटी मठिकेने देवळाला वार्षिक भाडं द्यायचं ठरलं आणि मिटलं. शेजारी-शेजारी दोन देवस्थानं आणि मध्ये जमिनीची पट्टी: हजार वर्षांत या प्रकारात काही नवीन भर पडलेली नाही. पुढे राष्ट्रकूट गेले, शिलाहार आले. शके 956 मध्ये, म्हणजे 1034 साली, शिलाहार छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने मठिकेला एक घाणा दिला. तेलाचा घाणा. त्या तेलातून मठिकेतल्या भगवती देवीपुढे दिवा लावायचा आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या, पांथस्थांच्या पायांना तेल चोळायचं.

पायांना तेल! बारडचा चढ चढून आल्यावर या तरतुदीचं मोल कळतं.

या दानपत्रात गावच्या प्रतिष्ठितांची नावं आहेत, त्यांत हिंदू श्रेष्ठींबरोबर अल्लिय, महर, मधुमत येतात. अली आणि महंमद ओळखू येतातच. देवीच्या दिव्याचं तेल ज्या बाजारातून निघायचं, त्या बाजाराचे हे मानकरी. संजाणच्या मातीतही हीच माणसं भेटतात. 2002 ते 2004 या काळात वरोली नदीकाठी उत्खनन झालं. पश्चिम आशियातली निळी-हिरवी चकाकती भांडी, काच, चिनी भांड्यांचे तुकडे निघाले, आणि पारशांचा विटांचा एक जुना दखमाही, म्हणजे मृतदेह ठेवायचा बुरूज. चिनी वाडग्याचा तुकडा, अरबी घड्याचा तुकडा आणि त्याच थरात इथल्या कुंभाराचं मडकं. मठिकेच्या पंगतीला कुठली भांडी मांडली जात ते कळायला हवं होतं.

दुपार कलल्यावर मी टाक्याजवळ आलो. हवा स्वच्छ होती, पश्चिमेला समुद्राची रेघ दिसत होती. त्याच्या अलीकडे चिकूच्या वाड्यांचा गडद पट्टा. या वाड्या लावणाऱ्यांत एकोणिसाव्या-विसाव्या शतकात इराणातून नव्याने आलेले झरथुष्ट्री होते. पहिल्या आलेल्यांच्या लपण्याच्या डोंगरातून दुसऱ्या आलेल्यांची झाडं दिसतात. अधूनमधून पारशी मंडळी इथे चढून येतात, प्रार्थना करतात. वय झालेल्यांना चढ जड जातो, मग पायथ्याचा कुणीतरी हाताला धरून नेतो.

बारा वर्षांनी पाहुणा निघाला. किस्सा म्हणतो, वांसद्याहून तीनशे घोडेस्वार आणि मानाची माणसं त्याला न्यायला सामोरी आली, आणि पूर्वी संजाणला जायचे तसे गावोगावचे लोक आता वांसद्याला दर्शनाला जाऊ लागले. तिथून नवसारी, सुरत, वलसाड, आणि 1742 मध्ये उदवाडा. तिथे तो आजही पाच प्रहर लाकूड घेतो. गाडीने डहाणूहून तासाभराच्या अंतरावर.

उतरताना मी घसरलो. साध्या, हात मोकळे असलेल्या माणसाचा या खडीवर तोल जातो. ते लोक जळता अग्नी घेऊन इथूनच उतरले. ऊन लागू न देता, श्वास लागू न देता, बहुधा पहाटेच्या अंधारात. मी दगडाला धरून बसलो आणि ती वाट पुन्हा एकदा वरपर्यंत पाहिली. मघाचे बाबा शेळ्या वळवून खाली निघाले होते.

"भेटली गुहा?" त्यांनी विचारलं.

"भेटली बाबा."

"पानी पिलं ना टाक्याचं? मंग झालं," म्हणाले, आणि शेळ्यांमागे पुढे गेले.